ह्यांच्या झोपेची वही

२०२२ च्या दिवाळीनंतर ह्यांची रात्रपाळी कायमची बंद झाली. सोलापूरच्या पूर्व भागातील एका टॉवेलच्या कारखान्यात हे तीस वर्षे जॉबर म्हणून काम करीत आले आहेत. माग बंद पडला, धोटा अडकला किंवा ताण्याचे धागे एकदम तुटले की कामगार ह्यांनाच हाक मारतात. एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी, असेच ह्यांचे आयुष्य चालत आले होते. मागणी घटल्यामुळे रात्रीचे माग थांबले आणि ह्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी कायमची दिवसपाळी मिळाली, तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, माझा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि लग्नानंतरचा बराचसा काळ माझी झोप आणि ह्यांची झोप यांचा मेळ घालण्यातच गेला होता. आता प्रथमच आम्ही दोघे चारचौघांसारखे रात्री दहाला अंथरुणाला पाठ टेकणार होतो.

घडले ते वेगळेच. दहाला दिवा मालवला की हे कूस बदलू लागत. अकरा वाजत, बारा वाजत. गल्लीच्या टोकाला अजून चालू असलेल्या एका कारखान्यातील मागांचा खटखटाट ऐकू येई, तो थांबला तरी हे टक्क जागेच असत. एक-दीडनंतर कधीतरी डोळ्याला डोळा लागे आणि मध्येच पुन्हा जाग येई. सकाळी उठून बसत तेव्हा चेहरा ओढलेला आणि बोलणे तुटक असे. पहिला महिनाभर आम्ही दोघांनीही ते फारसे मनावर घेतले नाही, कारण इतक्या वर्षांची सवय मोडायला वेळ हा लागणारच होता. परंतु संक्रांत गेली, उन्हाळा आला आणि गेला, गणपती बसले आणि उठले, तरी “झोप येईनाच की गं” हे वाक्य आमच्या घरात रोज रात्री ऐकू येतच राहिले.

या काळात मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. दुधात जायफळ उगाळून दिले, खसखशीची खीर केली, काशाच्या वाटीने ह्यांचे तळपाय घासले, डोक्याला तेल लावून दिले. या उपायांत वाईट काही नव्हते आणि तळपाय घासल्यावर ह्यांना बरेही वाटत असे. ते मी आजही अधूनमधून करते. मात्र त्या उपायांभोवती मी जे वातावरण उभे केले, त्याचा विचार मला पुढे फार दिवस करावा लागला. साडेनऊ वाजले की मी दूरदर्शन संच बंद करीत असे, मुलाला गल्लीत शिरतानाच मोटारसायकल बंद करून ढकलत आणायला सांगत असे, पुण्याला असलेल्या मुलीने नऊनंतर फोन करायचा नाही असा नियम घातला होता. एका माणसाच्या झोपेसाठी अख्खे घर श्वास रोखून बसत असे. ह्यांना लवकर झोप लागत नाही म्हणून मी ह्यांना अधिक लवकर, म्हणजे साडेनऊलाच अंथरुणावर पाठवू लागले. रविवारी दुपारी तीन तास झोपू देत असे, निदान तेवढी तरी भर पडावी म्हणून. सकाळी चहाचा कप हातात देताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, “अहो, लागली का झोप?” आणि उत्तर ऐकून आम्हा दोघांचाही दिवस काळवंडत असे.

त्यात आमच्याकडे पाण्याची पाळी असते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरगावच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल; उजनी धरणातून येणारे पाणी आमच्या भागाला चार-पाच दिवसांनी एकदा मिळते आणि त्याची वेळ कधी संध्याकाळची, तर कधी रात्री दोनची असते. नळाखाली हंडा लावणे, मोटर चालू करणे, गच्चीवरची टाकी भरणे हे काम वर्षानुवर्षे ह्यांचेच होते, कारण रात्री जागायची सवय ह्यांनाच होती. त्यामुळे पाणी येणार नसलेल्या रात्रीही ह्यांचा एक कान नळाकडे लागलेला असे. ही गोष्ट आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की झोपेचा विचार करताना ती आम्हाला सुचलीच नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मला ह्यांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची अर्धवट पट्टी सापडली. अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता कमी करून झोप आणणारी गोळी, ०.२५ मिलिग्रॅम. एका सहकाऱ्याने “बिनधास्त घे, मी वर्षभर घेतोय” म्हणून सुचवलेली, आणि एका औषध दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेली. हे औषध शेड्यूल एच-१ या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीत मोडते. २०१४ पासून त्याच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते आणि चिठ्ठीशिवाय ते देताच येत नाही. तरीही ते सहज मिळाले होते. पहिल्या आठवड्यात ह्यांना उत्तम झोप लागली, तिसऱ्या आठवड्यात एकाच्या दोन गोळ्या झाल्या आणि एके दिवशी गोळ्या संपल्या तेव्हा रात्र पूर्वीपेक्षाही वाईट गेली. ह्यांनी मला हे सांगितले नव्हते याचे मला वाईट वाटले. पण सांगितले असते तर माझी काळजी वाढली असती आणि ती रात्रभर माझ्या डोळ्यांत दिसली असती, असे हे म्हणाले, ते मला खोडून काढता आले नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतले. ह्यांच्यापेक्षा मलाच त्यांनी जास्त प्रश्न विचारले, आणि अंथरुणातील जोडीदाराची साक्ष किती महत्त्वाची असते हे मला तेव्हा समजले. हे मोठ्याने घोरतात का, घोरता घोरता श्वास मध्येच थांबून गुदमरल्यासारखे उठतात का, संध्याकाळी पायांत मुंग्या येऊन पाय सारखे हलवावेसे वाटतात का, उदास असतात का, जेवणावरची वासना उडाली आहे का. श्वास थांबत असेल तर तो वेगळाच आजार असतो आणि त्यात झोपेच्या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. आमच्याकडे यातले काही नव्हते आणि तपासण्याही ठीक आल्या. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने असे चालले असेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, असे सांगून त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी दोन महिने देवघराच्या फळीवर पडून राहिली. “मी काय वेडा झालोय का?” या ह्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी कारखान्यात डुलकी लागून ह्यांचे बोट मागाच्या पट्ट्यात जाता जाता वाचले, त्या संध्याकाळी ह्यांनी स्वतःच चिठ्ठी मागितली.

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी ह्यांचे सगळे ऐकून घेतले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, “काकू, तुम्हाला कशी लागते झोप?” मला उत्तर देता येईना. गेले वर्षभर मी ह्यांच्या श्वासाचा अंदाज घेत पडून राहत होते. श्वास संथ झाला की मला हायसे वाटे आणि मगच मी डोळे मिटत असे. हे जागे आहेत हे मला कळू नये म्हणून हे निपचित पडून राहत आणि हे झोपले का याची चाहूल घेत मीही निपचित पडून राहत असे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “म्हणजे घरात दोन माणसे जागी आहेत आणि दोघेही एकाच झोपेची वाट बघतायत. वाट बघितली की झोप येत नाही, काकू.”

त्यांनी मग जे समजावून सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी निद्रानाशाच्या कारणांचे तीन थर मांडले आहेत. काही माणसांचा पिंडच जागसूद असतो, हा पहिला थर. मग काहीतरी निमित्त घडते, आमच्या बाबतीत पाळी बदलली, हा दुसरा. निमित्त काही आठवड्यांत ओसरते; परंतु त्या काळात झोप भरून काढण्यासाठी माणूस ज्या सवयी लावून घेतो त्या मागे उरतात आणि त्याच निद्रानाश टिकवून धरतात, हा तिसरा. लवकर अंथरुणावर जाणे, सकाळी उशिरापर्यंत लोळणे, दुपारी झोपणे, घड्याळ बघणे, झोपेचीच चर्चा करणे. मी यादी लिहीत गेले आणि माझा हात जड होत गेला, कारण तिसऱ्या थरातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट ह्यांच्यासाठी मी प्रेमाने केलेली होती. मला त्या खोलीत रडू आले. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिले आणि शांतपणे सांगितले की बहुतेक घरांत असेच होते, आणि ज्या व्यक्तीने हे सगळे इतके मनापासून केले तीच व्यक्ती ते मनापासून थांबवूही शकते.

गोळ्या त्यांनी एकदम बंद केल्या नाहीत. अचानक थांबवल्या तर झोप उलटून जाते, हे आम्ही अनुभवलेच होते. मात्रा थोडी थोडी उतरवत नेऊन काही आठवड्यांत त्या सोडवल्या. मूळ उपचार मात्र औषधाशिवायचा होता. सवयी आणि विचार बदलण्याच्या या पद्धतीला संज्ञानात्मक वर्तनोपचार म्हणतात आणि जुनाट निद्रानाशात प्रौढांसाठी पहिला उपचार हाच असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली आहे. गोळीपेक्षा वही बरी, एवढेच ह्यांना त्यातून पटले, आणि तेवढे पुरेसे होते.

दोनशे पानी वही मी शाळेजवळच्या दुकानातून आणली. रोज सकाळी ह्यांनीच ती भरायची, मी विचारायचे नाही, अशी अट होती. अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळा आणि किती वेळ जाग आली, शेवटची जाग कधी आली, अंथरुण कधी सोडले, दुपारी झोपलो का, शेवटचा चहा किती वाजता घेतला. घड्याळ बघून नाही, सकाळी अंदाजाने लिहायचे. दोन आठवड्यांनी सरासरी काढायचे काम तेवढे माझ्याकडे आले. हे सरासरी रात्री दहा ते सकाळी सात, म्हणजे ९ तास अंथरुणात काढत होते आणि त्यांपैकी ५ तास १५ मिनिटे झोपत होते. प्रत्यक्ष झोपेला अंथरुणातील वेळेने भागून १०० ने गुणले की झोपेची कार्यक्षमता मिळते. ती ५८ टक्के आली. ८५ टक्क्यांच्या पुढे ती चांगली समजतात. त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. रोज जवळजवळ पावणेचार तास हे अंथरुणात जागे पडून होते, आणि अंथरुण म्हणजे जागण्याची जागा हे ह्यांच्या शरीराने वर्षभर रोज गिरवले होते.

यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उपाय ऐकून मी हादरले. ह्यांनी रात्री साडेबारापूर्वी अंथरुणावर जायचेच नाही आणि कितीही कमी झोप झाली तरी सकाळी सहाला उठायचे. साडेपाच तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. जो माणूस वर्षभर झोपेसाठी तळमळत आहे त्याला आणखी जागे ठेवायचे, हे मला निर्दयपणाचे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. त्यांनी कारण सांगितले. झोप दोन गोष्टींवर चालते. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची भूक वाढत जाते, ही एक. आणि मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असलेले शरीराचे घड्याळ, जे प्रामुख्याने डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून आपली वेळ लावून घेते, ही दुसरी. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञांनी ही जोडी १९८२ मध्ये मांडली. ह्यांच्या घड्याळाला तीस वर्षे दर आठवड्याला धक्का बसत आला होता, आणि भूक साचण्याआधीच आम्ही ह्यांना पानावर बसवत होतो. “संध्याकाळी पोटभर भजी खाल्ल्यावर रात्री भाकरी जाईल का, काका?” एवढ्या एका वाक्यात ह्यांना ते समजले. अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा उन्मादाचा आजार असलेल्यांना हा उपाय असा सरसकट देत नाहीत, साडेपाच तासांची मर्यादाही प्रत्येकाच्या वहीवरून ठरते आणि ती पाच तासांच्या खाली नेत नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितले. पहिले दोन आठवडे दुचाकी चालवायची नाही आणि चालू मागाला हात लावायचा नाही, हीही अट होती. ह्यांनी रजा टाकली आणि नंतरचे काही दिवस तपासणीच्या टेबलावर काम मागून घेतले.

नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या सोमवारी आम्ही सुरुवात केली, आणि त्यानंतरचे दहा दिवस माझ्या संसारातील अवघड दिवसांपैकी होते. दहा वाजेपर्यंत ठीक चाले. दहानंतर ह्यांना पेंग येऊ लागे. अंथरुणावर पडले की पळून जाणारी झोप खुर्चीत बसल्यावर मात्र हमखास येई. मान छातीवर पडे, हातातला पेपर खाली घसरे, आणि मला ह्यांना हाक मारून उठवावे लागे. वर्षभर ज्या झोपेसाठी मी देवाला हात जोडले होते ती माझ्यासमोर येऊन बसायची आणि मी तिला हाकलून लावायची. काय करायचे त्या अडीच तासांत? दूरदर्शन लावले की हे पाच मिनिटांत डुलकी घेत, म्हणून ते बंदच केले. मग आम्ही बैठे पण हात चालणारे काम शोधले. चटणीसाठी आणलेल्या शेंगा फोडायच्या, दाणे निवडायचे. जुन्या सोलापुरी चादरींच्या निसटलेल्या कडा ह्यांनी स्वतः टाके घालून नीट केल्या. मी उत्तरपत्रिका तपासत समोर बसे. एकदा ह्यांनी मला कागदावर चौकटी आखून चादरीवरचा मोर जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांवर छिद्रांच्या रूपाने कसा उतरतो ते समजावून सांगितले. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि ह्यांचे काम मला त्या रात्री प्रथम नीट कळले.

चौथ्या रात्री ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला. “तू झोप ना, मला का छळतीस?” असे म्हणून हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी मागे गेले नाही, आणि मागे न जाणे मला फार कठीण गेले. सहाव्या रात्री मात्र माझाच धीर सुटला. अकरा वाजता ह्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी म्हणाले, “जाऊ द्या, पडा आता.” हे लगेच झोपले आणि पहाटे तीनला उठून बसले ते सकाळपर्यंत. त्या दिवशीच्या नोंदीपुढे मी माझ्या अक्षरात लिहिले की ही चूक माझी आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी ती ओळ वाचली आणि सांगितले की दयेपोटी केलेली सूट सर्वांत महाग पडते, कारण ती पुन्हा मागावीशी वाटते.

दुसरा नियम अंथरुणाचा होता. अंथरुण झोपेसाठी आणि पतिपत्नींच्या सहवासासाठी. तिथे मोबाइल नाही, हिशेब नाही, उद्याच्या कामाचा विचार नाही. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे, मंद उजेडात बसायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे. गरज पडली तर रात्रीतून चारदा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा नियम ऐकायला सोपा आहे. पाळताना मात्र जोडीदाराची कसोटी लागते, कारण शेजारचे माणूस उठून गेले की आपलाही हात आपोआप त्याच्या जागेकडे जातो. भिंतीवरचे घड्याळ मी उतरवून स्वयंपाकघरात लावले. हॉलमध्ये आरामखुर्ची, सोबत एक सुती चादर आणि पिवळ्या उजेडाचा छोटा दिवा ठेवला. ह्यांची उठण्याची चाहूल लागली तरी मी डोळे मिटून राहायचे, हाक मारायची नाही, “काय झालं?” विचारायचे नाही. पहिल्या आठवड्यात मी ओठ दाताखाली धरून पडून राहत असे. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी वहीत वाचले की हे रात्री दोनदा उठले होते, आणि मला पत्ताही लागला नव्हता. माझी झोप परत आली होती.

चहाचे प्रकरण त्या मानाने लवकर मिटले. कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्रपाळीच्या सवयीने हे संध्याकाळी सहाला आणि पुन्हा आठला चहा घेत. तो बंद करून शेवटचा कप दुपारी दोनला आणला. चार दिवस डोके दुखले, मग थांबले.

सकाळी सहाला उठल्यावर उजेडात जायचे होते, आणि यात माझी शाळा आडवी येई. माझे डबे, माझी तयारी. शेवटी मी डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवू लागले, कारण त्या आठवड्यांत रात्री वेळच वेळ होता, आणि निदान शनिवार-रविवार आम्ही दोघे सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जाऊ लागलो. इतर दिवशी हे एकटे जात. तलावाच्या पाण्यावर कोवळे ऊन पडलेले असते आणि समोर मंदिर. ह्यांचे म्हणणे असे की औषध म्हणून मिळालेली एवढी गोड गोष्ट दुसरी नाही.

पहिल्या आठवड्याची सरासरी ४ तास २० मिनिटे, म्हणजे सुमारे ७९ टक्के आली. झोप आधीपेक्षा तासाभराने कमी झाली होती आणि हे ही पद्धत सोडायला निघाले होते. दुसऱ्या आठवड्यात ४ तास ५० मिनिटे, ८८ टक्के. अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंतच्या रकान्यात ह्यांनी तीन दिवस ओळीने “१० मिनिटे” लिहिले होते. मला तो रकाना पुनःपुन्हा वाचावासा वाटत होता. ८५ टक्क्यांच्या वर गेल्यास दर आठवड्याला १५ मिनिटांची भर, असा नियम होता. म्हणून साडेबाराचे सव्वाबारा झाले, मग बारा. मिळालेली पंधरा मिनिटे ह्यांना पगारवाढीसारखी वाटत.

पाण्याचा प्रश्न वहीनेच उघड केला. तिसऱ्या आठवड्यात मी नोंदी तपासत असताना दिसले की मध्यरात्रीची लांब जागरणे पाणी येण्याच्या रात्री, आणि त्याहून अधिक म्हणजे त्याच्या आदल्या रात्री पडत होती. मी पाण्याचे काम माझ्याकडे घेतले. ज्या रात्री पाण्याची पाळी असे त्या रात्री मी मुलाला सोबत घेऊन हॉलमध्ये झोपे, मोबाइल उशीखाली थरथरेल असा ठेवी, आणि ह्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले की टाकी रिकामी राहिली तरी तुम्ही उठायचे नाही. एकदा राहिलीही. आम्ही टँकरचे पैसे मोजले, पण हे उठले नाहीत, आणि माझ्या मते त्या पैशांत आम्ही फार मोठी गोष्ट विकत घेतली. मुलीलाही सांगितले की नऊनंतर खुशाल फोन कर, फक्त बाबांना झोपेचे विचारू नकोस. घरात पुन्हा रात्रीचे आवाज सुरू झाले.

जानेवारीत सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची, गड्डा यात्रा आली. सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला हे लहानपणापासून जातात आणि नंतरच्या शोभेच्या दारूकामालाही. त्या रात्री घरी यायला बारा वाजून गेले होते, अंगात गर्दीची आणि आतषबाजीची धग होती, आणि दोन महिन्यांची कमाई एका रात्रीत जाईल या भीतीने मी ह्यांना जाऊ नका म्हणून आधी विनवलेही होते. हे म्हणाले, “अगं, झोपेसाठी गड्डा सोडला तर झोप घेऊन करू काय?” त्या रात्री हे दीडला झोपले आणि सकाळी सहाला, नियमाप्रमाणे, उठून तलावावर गेले. उशिरा झोपले तरी उठण्याची वेळ सोडायची नाही हा नियम आम्हाला डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता. तो खरा का आहे ते पुढच्या रात्री कळले, कारण हे सव्वाअकराला आडवे झाले आणि मी केस विंचरेपर्यंत झोपले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस सव्वाअकरा ते सहा ही वेळ कायम झाली. ६ तास ४५ मिनिटांपैकी सुमारे ६ तास झोप. ह्यांना आठ तासांची आशा होती. पण दिवसभर डोळे उघडे राहतात, कामात लक्ष लागते आणि चिडचिड होत नाही, त्याअर्थी ह्यांची गरज एवढीच आहे, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे पडले आणि त्यांनी महिन्याची भेट तीन महिन्यांवर नेली.

उन्हाळ्याने पुन्हा परीक्षा घेतली. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४३ अंशांच्या आसपास असताना, आमच्या पत्र्याच्या खोलीत मध्यरात्रीही भिंती तापलेल्या असतात. आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून अंथरुणे वर नेली. तेवढ्यासाठीचे पाणीही मोजून वापरावे लागले. वर झोप लवकर लागे, पण पावणेसहाच्या उजेडाने जाग येई. ह्यांनी तीच उठण्याची वेळ धरली आणि पाऊस सुरू होईपर्यंत अंथरुणावर अकराला जाऊ लागले.

अजूनही महिन्यातून दोन-तीन रात्री वाईट जातात. मुलाच्या नोकरीची मुलाखत होती त्या आठवड्यात सलग चार रात्री गेल्या. पाचव्या दिवशी ह्यांनीच फळीवरून वही काढली, तारीख घातली आणि मला सांगितले की आजपासून आठवडाभर बारा वाजता. मी चटणीच्या शेंगांची पिशवी हॉलमध्ये आणून ठेवली. साडेदहाला मला झोप येऊ लागली तेव्हा हे दाणे निवडत होते. मी आत जाऊन झोपले.